वांग्याला गाव आहे, मटणाला का नाही?

हिवाळा लागला की जळगावच्या भाजीबाजारात एक प्रश्न हमखास कानावर येतो, "बामणोदची का?" भरिताचं वांगं घेणारा माणूस हे विचारल्याशिवाय पिशवी उघडत नाही. यावल तालुक्यातलं ते गाव त्याने पाहिलेलं असो वा नसो, वांग्याची चव मातीतून येते हे त्याला ठाऊक असतं. विकणाऱ्याने थाप मारली तर फिकट हिरव्या अंगावरच्या पांढऱ्या रेघा बघून तो ती पकडतोही. 2016 साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी जळगावच्या केळीला आणि नवापूरच्या तूरडाळीलाही मिळालं. पिकाला गाव असतं हे खान्देशी माणसाला सरकारने शिकवलं नाही. त्याला जे आधीपासून माहीत होतं, त्यावर सरकारने शिक्का मारला एवढंच.

तोच माणूस रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे उभा असतो. तिथे तो भाव विचारतो, ताजं आहे ना म्हणतो, रानाचं, म्हणजे मांडीचं द्या, चरबी कमी घाला, कलेजीचे दोन तुकडे टाका, असं सगळं सांगतो. बोकड कुठला, हे मात्र विचारत नाही. किलोला 700-800 रुपये मोजतो आणि ज्या जनावराचं मांस घरी नेतो त्याचं गाव, वय, आजार, औषध यांतलं काहीही त्याला माहीत नसतं. 40 रुपयांच्या वांग्याची चौकशी करणारा माणूस इथे गप्प कसा होतो, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावतो आहे.

मी मांस खाणाऱ्या घरातला आहे आणि मांस खाणाऱ्यांशीच बोलतो आहे. जे खात नाहीत त्यांचा या विषयावरचा निर्णय झालेला आहे, त्यांच्याशी माझा वाद नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की जनावर कुठून आलं, कोणी वाढवलं, कोणी तपासलं हे कळणं हा गिऱ्हाइकाचा साधा हक्क आहे. तो हक्क आपण कधी मागितला नाही म्हणून आपल्याला मिळाला नाही. न मागण्याची किंमत मटण खाणारा मोजतो, त्याहून जास्त शेळी पाळणारा मोजतो.

दुकानात नेमकं काय दिसतं ते आधी पाहू. सकाळी आठ-नवाच्या सुमाराला आकड्याला सोललेलं धड टांगलेलं असतं. नीट बघितलं तर कपुरे, म्हणजे बोकडाचे वृषण, मुद्दाम तशीच लटकती ठेवलेली दिसतात. हा पुरावा आहे. शेळी नाही, मेंढी नाही, बोकडच आहे, हे गिऱ्हाइकाला पटावं म्हणून खाटीक ती काढत नाही. फार जुनी आणि चांगली पद्धत आहे ही. गिऱ्हाइकाला एकाच फसवणुकीची भीती होती, म्हातारी शेळी बोकड म्हणून गळ्यात पडण्याची, आणि त्या भीतीला धंद्याने स्वतःहून उत्तर दिलं. म्हणजे गिऱ्हाईक अडून बसलं की धंदा पुरावा दाखवतो. पण त्या पुराव्याने नर की मादी एवढंच कळतं. बोकड धडगावच्या डोंगरातून आला, की साक्रीच्या माळावरून, की ट्रकमधून दोन दिवस उपाशी राजस्थानातून, हे त्यावरून कळत नाही. आठवड्यापूर्वी त्याला ताप होता का आणि कोणतं इंजेक्शन टोचलं होतं, हेही कळत नाही.

खाटकाला विचारलं तर तो बहुतेक वेळा खरंच सांगतो, "बाजारचा आहे भाऊ." त्यालाही त्यापलीकडे माहीत नसतं. आठवडी बाजारात शेळ्यांचा सौदा बहुतेक उक्ता होतो. वजनकाटा नसतो, पाठीवरून हात फिरवून, कमरेचं हाड चाचपून अंदाज बांधला जातो. सातपुड्यातला पावरा आदिवासी शेतकरी दवाखान्याच्या खर्चाला पैसे हवेत म्हणून दोन बोकड घेऊन उतरतो. एक व्यापारी ते घेतो, दुसऱ्याला विकतो, दुसरा तिसऱ्या गावच्या बाजारात नेतो. तीन बाजार फिरेपर्यंत त्या बोकडाचं गाव पुसलं गेलेलं असतं. खाटकापर्यंत पोचतं ते फक्त जनावर. ही साखळी काही परदेशापर्यंत जाणारी नाही. एका जिल्ह्यातली, फार तर दोन-तीन जिल्ह्यांतली आहे. इतक्या छोट्या साखळीतही माहिती टिकत नाही याचं कारण एकच, तिची कोणालाच गरज वाटत नाही.

गंमत अशी, की नोंद करण्याची सोय निघालेली आहे. जनावराच्या कानात 12 आकडी नंबरचा पिवळा बिल्ला मारायचा आणि त्या नंबराखाली मालक, गाव, लसीकरण यांची नोंद 'भारत पशुधन' प्रणालीवर करायची, अशी ती योजना आहे. कानात बिल्ला नसेल तर 1 जून 2024 नंतर जनावराची बाजारात खरेदी-विक्री होणार नाही, असं राज्य सरकारने जाहीर केलं. गायी-म्हशींच्या कानात ते बिल्ले आता बऱ्यापैकी दिसतात. शेळ्यांच्या बाजारात मात्र मोकळे कान अजून कितीतरी दिसतात. आणि बिल्ला असला तरी त्याचं पुढे काय होतं? जनावर कापलं की मुंडी वेगळी होते, कान मुंडीबरोबर जातो, बिल्ला कानाबरोबर. 12 आकड्यांची ती सगळी माहिती मुंडी-पाया वेगळ्या विकायच्या टोपल्यात पडते. तो नंबर धडाबरोबर दुकानापर्यंत यावा, पाटीवर लिहिला जावा, एवढी एक पायरी कोणाला सुचू नये? जनावर जिवंत असेपर्यंत कागदावर आहे आणि अन्न झालं की कागदावरून नाहीसं, हे मला पटत नाही.

कोंबडीचं तर याहून ठळक आहे. देशात तयार होणाऱ्या मांसापैकी जवळपास निम्मं कोंबडीचं आहे, म्हणजे हा प्रश्न मटणापेक्षा मोठा. आज आपल्याकडे बॉयलर कोंबडी बहुतेक करार पद्धतीने वाढते. शेतकऱ्याची शेड, वीज, पाणी आणि घरच्यांची मेहनत. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. साधारण सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोच्या पुढे गेला की कंपनीची गाडी येते, लिफ्टिंग होतं, आणि शेतकऱ्याला किलोमागे ठरलेली वाढणावळ मिळते. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये दाराशी दोरीने लटकवलेलं कार्ड मी वाचत बसलो होतो. पिल्लं कोणत्या तारखेला आली, आज किती खाद्य पडलं, किती मर झाली, सरासरी वजन किती, कोणत्या दिवशी पाण्यातून कोणतं औषध दिलं, सगळं रोजच्या रोज भरलेलं. अक्षर त्याच्या बायकोचं. घरचा किराणा उतरवावा तितक्या नेटकेपणाने तिने ते लिहिलेलं होतं.

म्हणजे माहिती आहे. ती पक्ष्यागणिक नसली तरी लॉटगणिक आहे, तारीखवार आहे, एका शेतकरी बाईच्या हाताने लिहिलेली आहे. पण ती कंपनीच्या हिशेबासाठी आहे. लिफ्टिंगची गाडी शेडमधून निघाली की कार्ड फाइलला लागतं आणि पिंजऱ्यातली कोंबडी बेवारशी होऊन शहरात येते. औषध दिल्यावर काही दिवस तो पक्षी विकायचा नसतो, अंगातून औषध उतरावं लागतं. ते दिवस पाळले गेले की नाही हे त्या कार्डावरून दोन मिनिटांत कळेल. मात्र ते कार्ड बघायचा अधिकार खाणाऱ्याला नाही.

आणि हे दिवस का पाळायचे, हा काही पुस्तकी प्रश्न नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने 2014 मध्ये दिल्ली परिसरातले कोंबडीचे 70 नमुने तपासले, तेव्हा 40 टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. 2019 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांना आणि कोंबड्यांना द्यायला बंदी घातली. कोलिस्टिन म्हणजे बाकी सगळी औषधं हरल्यावर अतिदक्षता विभागातल्या माणसाला द्यायचं शेवटचं औषध. ते पक्ष्यांच्या खाद्यातून वजन वाढवायला जात होतं. जंतू एकदा त्या औषधाला सरावले की ते कोंबडीतून आले की दुसरीकडून, याने धुळ्याच्या दवाखान्यातल्या पेशंटला काही फरक पडत नाही. बंदी घातली हे उत्तमच झालं. पण बंदी पाळली जाते का हे बघायचं तर लॉट शेडपर्यंत मागे नेता आला पाहिजे, आणि तोच दुवा तुटलेला आहे.

दुवा तुटला की काय होतं, हे खान्देशाइतकं कोणी भोगलेलं नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत परसातल्या कोंबड्यांमध्येही तो निघाला. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, तिथला माल कायम दोन्ही बाजूंना जात आलेला. रोग एका तालुक्यातल्या शेडमध्ये होता, पण कोणत्या शेडचा माल कुठल्या दुकानात गेला हे गिऱ्हाइकाला सांगता येण्यासारखं काहीच नव्हतं. मग गिऱ्हाइकाने एकच शहाणपण केलं, कोंबडी खाणंच सोडलं. पार दूरच्या राज्यांत, जिथे रोगाचा मागमूस नव्हता तिथेही भाव कोसळले. ज्याच्या शेडमध्ये एकही पक्षी आजारी नव्हता तो शेतकरीही बुडाला. आपला माल नवापूरचा नाही हे सिद्ध करायला त्याच्याकडे काही नव्हतं. नीट शिजवलेली कोंबडी खायला हरकत नाही, हे तेव्हाही डॉक्टर सांगत होते. पण जिथे माहिती नसते तिथे सल्ल्याला कोण विचारतो?

2021 च्या सुरुवातीला नवापुरात पुन्हा तेच झालं. पुन्हा खड्डे, पुन्हा चुना, पुन्हा पांढऱ्या कपड्यांतली माणसं. पहिल्या खेपेनंतर मधल्या पंधरा वर्षांत आपण माल मागे शोधण्याची व्यवस्था उभी केली असती, तर दुसऱ्या खेपेला नुकसान त्या तालुक्याबाहेर फारसं गेलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं. कारखान्यात सदोष निघालेली बॅच परत बोलावता येते. कोंबडीची बॅच परत बोलावता येत नाही, कारण ती कुठे गेली हे कोणी लिहून ठेवत नाही.

आता आपल्याकडे मांसाबद्दल प्रश्न विचारले जात नाहीत असं नाही. विचारले जातात, आणि मोठ्या आवाजात. ते चुकीचे असतात. मार्च 2025 मध्ये राज्याच्या एका मंत्र्यांनी 'मल्हार' नावाच्या प्रमाणपत्राची घोषणा केली. विकणारा हिंदू, मटण झटक्याचं, अशी त्याची मुख्य ओळख. हलालच्या पाटीचंही तेच, कापण्याची रीत कोणती एवढं ती पाटी सांगते. ज्याला श्रद्धेपोटी हे जाणून घ्यायचं आहे त्याने जरूर घ्यावं, प्रत्येकाचा देव ज्याचा त्याला. पण दोन्ही पाट्या सुरी कोणाची आणि कशी चालली एवढंच बोलतात. बोकड कुठल्या कळपातला, त्याला पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस टोचली होती का, कापण्याआधी पशुवैद्यकाने पाहिलं का, यावर दोन्ही गप्प. ताप असलेला बोकड हिंदू खाटकाने कापला काय आणि मुसलमान खाटकाने कापला काय, माझ्या पोरांच्या ताटात ताप असलेलाच बोकड येणार. सरकारची ताकद, मंत्र्यांचा वेळ आणि वेबसाइट या कामी लागत असेल, तर खरा प्रश्न विचारायला कोण उरतं?

दुसरा प्रश्न याहून वाईट रीतीने विचारला जातो. ऑगस्ट 2024 मध्ये धुळे-मुंबई एक्स्प्रेसमध्ये, इगतपुरीजवळ, आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या एका वृद्ध प्रवाशाला पोरांच्या टोळक्याने मारहाण केली. लेकीकडे निघालेला माणूस, जवळ मांस होतं, एवढं कारण. "हे कशाचं आहे, कुठून आणलं" असं ओरडत त्याला मारलं, त्याचे व्हिडिओ काढले. कायदा मोडला असेल तर बघायला पोलीस आहेत, प्रयोगशाळा आहे. डब्यातल्या म्हाताऱ्याला विचारणारे तुम्ही कोण? मांस कुठून आलं हा प्रश्न विकत घेणाऱ्याने विकणाऱ्याला, आणि नागरिकाने नगरपालिकेला विचारायचा असतो. तो रस्त्यावरच्या झुंडीच्या हाती गेला की सभ्य माणूस तो विचारायलाच कचरतो. हे नुकसान फार खोल आहे. मी हा विषय चारचौघांत काढला तेव्हा पहिली प्रतिक्रिया हीच होती, "कशाला त्या भानगडीत पडता? लोक वेगळाच अर्थ काढतील." म्हणूनच नीट अर्थाने हा प्रश्न मोठ्याने विचारणारी माणसं हवी आहेत.

आपल्या गप्प बसण्याला आणखी एक कारण आहे आणि ते घरातलं आहे. खान्देशात मांस खाणं बहुतेक घरांत होतं, पण ते झाकून होतं. दुकानातून मटण काळ्या पिशवीत येतं. कितीतरी घरांत आजही मटणाची भांडी वेगळी, चूल अंगणात वेगळी, आणि घरात कोणी माळकरी असेल तर त्या दिवशी त्याचं ताट आधी वाढून मोकळं करतात. यात दुसऱ्याच्या व्रताचा मान राखण्याची जी रीत आहे ती मला प्रिय आहे, ती राहावी. पण त्याबरोबर एक चोरटेपणा आला आहे, तो गेला पाहिजे. जी गोष्ट लपवून आणायची, तिच्याबद्दल तक्रार कुठे करणार? भेसळीच्या तेलाबद्दल लोक मोर्चा काढतात, खराब रेशनच्या गव्हाबद्दल तहसीलवर जातात. मटण खराब निघालं तर बाई ते गुपचूप टाकून देते आणि नवरा पुढच्या रविवारी दुसऱ्या दुकानात जातो. यातही बघा, दुकानात पुरुष जातो आणि शिजवते बाई. जनावर म्हातारं होतं का, मांस शिळं होतं का, हे पहिलं कळतं ते तिला, चार शिट्ट्यांनंतरही तुकडा दाताखाली तुटत नाही तेव्हा, किंवा काळा मसाला पाट्यावर वाटून टाकल्यावरही वास दबत नाही तेव्हा. तिचं ज्ञान दुकानापर्यंत पोचतच नाही.

काही जण म्हणतील, पूर्वी गावात असं नव्हतं. आखाडात, पोळ्याच्या करीला, धुळवडीला गावात बोकड कापायचे, वाटे घालायचे. "हाऊ बोकड कोना शे?" असं कोणी विचारलं की लगेच नाव सांगायचे, अमक्या आबाच्या वाड्यातला. प्रत्येक वाट्यात थोडी कलेजी, थोडं रान, थोडी हाडं, कोणावर अन्याय नको. ही रीत मला आवडते. पण ती पुरेशी होती असं मी म्हणणार नाही. मालक ओळखीचा म्हणून जनावर निरोगी ठरत नाही. मरायला टेकलेली शेळी घाईघाईने कापून तिचे वाटे घातलेलेही त्याच गावाने पाहिलेलं आहे. फाशीसारखा (अँथ्रॅक्स) रोग मेलेल्या जनावराचं कातडं सोलणाऱ्या माणसालाही होतो. तेव्हा गाव माहीत असणं ही पहिली अर्धी गोष्ट, जाणत्याने तपासणं ही दुसरी अर्धी. एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही.

तपासणीचे नियम आपल्याकडे कमी नाहीत. 2001 च्या कत्तलखाना नियमांनुसार शहरात मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. कापण्याआधी पशुवैद्यकाने ते पाहून धडधाकट असल्याचा दाखला द्यायचा. त्यानेही घाई करू नये म्हणून तासाला 12 आणि दिवसाला 96 जनावरांची मर्यादा घातलेली आहे. गाभण शेळी कापायची नाही, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली कापायची नाही. वाचायला किती छान आहे हे सगळं! पण तालुक्याच्या गावी जाऊन बघा. दुकानाच्या मागच्या बोळात, उघड्या गटारीशेजारी जनावर कापलं जातं. कारण कत्तलखाना एक तर नाही, किंवा आहे तिथे पाणी नाही, छप्पर नाही, पशुवैद्यकाचं पद रिकामं आहे. तपासलेल्या धडावर उमटतो तो जांभळा शिक्का माझ्या भागातल्या दुकानांत मला कधी दिसलेला नाही.

यात खाटकाला चोर ठरवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. रोज एक-दोन बोकड कापणारा हा माणूस पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करतो. हिंदू खाटीक असो की कुरेशी, त्याच्या हातात सुरी आहे, पण कत्तलखाना बांधण्याची सत्ता त्याच्या हातात नाही. नियमांचा बडगा त्याच्यावर आदळला की तो एक तर हप्ता देतो, नाहीतर दुकान बंद करतो. शेजारच्या गुजरातेत 2023 मध्ये उच्च न्यायालयातल्या प्रकरणानंतर परवाना नसलेल्या मांसाच्या दुकानांना धडाधड कुलुपं लागली. ती दुकानं बंद झाल्याने खाणारे कमी झाले नसणार. छोटा माणूस उठला की त्याची जागा थंड पेटीतलं पाकीट विकणारा मोठा माणूस घेतो. त्या पाकिटावर बॅच नंबर असतो, तारीख असते, दुकान काचेचं असतं, म्हणून आपल्याला बरं वाटतं. पण कोणत्या गावच्या कोणत्या शेडमधली कोंबडी, हे तेही पाकीट सांगत नाही. मला काचेचं दुकान नको आहे, मला माहिती हवी आहे, आणि ती कोपऱ्यावरच्या खाटकाकडूनही मिळू शकते.

त्याला फार काही लागत नाही. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांप्रमाणे दिवसाला 10 शेळ्या-मेंढ्या किंवा 50 कोंबड्यांपर्यंत कापणाऱ्याला मोठ्या परवान्याची गरज नाही, साधी नोंदणी पुरते. आपले बहुतेक खाटीक त्यातच बसतात. त्या नोंदणीबरोबर एक वही द्या. आज आलेला बोकड, कोणत्या बाजारातून, कोणाकडून, बिल्ल्याचा नंबर काय. दुकानावर खडूने लिहायची एक पाटी द्या, तिच्यावर बाजाराचं नाव आणि तो नंबर. कोंबडीच्या गाडीबरोबर शेडच्या कार्डाची एक प्रत दुकानात आली पाहिजे, निदान गाव, लॉटची तारीख आणि औषध बंद केल्याची तारीख. याचा खर्च खाटकावर टाकू नका. बाजार समिती प्रत्येक सौद्यामागे पैसे घेते, नगरपालिका बाजाराची पावती फाडते, त्याच पैशातून हे व्हावं. यामुळे मटण महाग होईल असं म्हणतात. वही आणि खडूने किती महाग होणार? महाग आहे तो कत्तलखाना आणि पशुवैद्यकाचा पगार, आणि ते पाणी-गटारीइतकंच नगरपालिकेचं काम आहे. ज्याला परवडतं त्यालाच सुरक्षित अन्न, हे तर मला अजिबात मान्य नाही. आठवड्यातून एकदा पाव किलो घेणाऱ्या मजुराला तपासलेल्या मटणाची गरज बंगल्यातल्या माणसापेक्षा जास्त आहे, कारण आजारी पडला तर त्याचा रोज बुडतो.

आणि यातून पैसा मिळणार आहे तो पाळणाऱ्याला. आज बाजारात 'गावरान' म्हणून जे विकतात त्यात डीपी क्रॉस ही रंगीत संकरित कोंबडी किती आणि अंडी घालून थकलेली लेअर किती, हे ढाब्यावर बसणाऱ्याला कळायला मार्ग नाही. तो गावरानचे पैसे मोजतो आणि ते पैसे खऱ्या गावरान कोंबड्या पाळणाऱ्या भिल्ल बाईच्या हातात कधी जात नाहीत. शेजारच्या झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये मानांकन मिळालं, कारण त्या कोंबडीचं गाव, जात, पाळणारे लोक कागदावर आले. आपल्याकडे साक्रीच्या भागातले ठेलारी आहेत. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन शेकडो मैल चालतात, शेतकऱ्याच्या वावरात मेंढ्या बसवतात, त्या लेंडीखताने जमीन सुधारते. माळरानावरचा झाडपाला आणि गवत खाऊन वाढलेलं ते जनावर. बाजारात त्याला तोच भाव मिळतो जो गोठ्यात बांधून पेंड घातलेल्या, कुठून आला कोण जाणे अशा जनावराला मिळतो. धडगावच्या बोकडाचंही तेच. दुकानाच्या पाटीवर 'धडगाव बाजार' असं लिहून आलं आणि गिऱ्हाईक त्या पाटीसाठी किलोला 20 रुपये जास्त द्यायला लागलं, तर तो पैसा हळूहळू डोंगरापर्यंत चढेल. आज तो चढायला वाटच नाही.

म्हणून खाटकाला रविवारी विचाराच, त्याला उत्तर देता येणार नाही हे धरूनच विचारा. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला तो बाजारातून विचारून येईल, कपुरे ठेवायला शिकला तसाच. पण तेवढ्यावर थांबू नका. आपल्या गावच्या नगरपालिकेत अर्ज द्या. कत्तलखान्यासाठी यंदा किती रक्कम धरली, गेल्या वर्षी किती खर्च झाली, पशुवैद्यकाचं पद भरलेलं आहे का, त्याने गेल्या महिन्यात किती जनावरं तपासली, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागा. वॉर्डात मतं मागायला येणाऱ्याला रस्ता आणि नळाबरोबर हेही विचारा, बायांनीही विचारा. आणि विचारताना आवाज खाली आणू नका.